ईबे : ऑनलाइन लिलावाच्या बाजाराची व्यूहरचना
प्रस्तावना

लिलाव ही किंमत ठरवण्याची पद्धत आहे, आणि मालाची किंमत विकणाऱ्यालाच नीट ठाऊक नसते तेव्हा तिची गरज पडते. लासलगावच्या बाजार समितीत कांद्याचा ट्रॅक्टर उभा राहतो आणि व्यापारी त्याच्याभोवती जमून बोली लावतात. त्या दिवसाची आवक आणि त्या ट्रॅक्टरमधल्या मालाची प्रत पाहिल्याशिवाय तिथे भाव सांगता येत नाही. लंडनमध्ये सदबीज 1744 पासून आणि क्रिस्टीज 1766 पासून चित्रे, पुस्तके, दागिने पुकारून विकत आले, कारण एकुलत्या एका नगाला बाजारभाव नसतो. हॉलंडमधल्या आल्समेरला फुलांचा लिलाव उलटा चालतो: घड्याळाचा काटा चढ्या भावावरून खाली येतो आणि जो आधी थांबवील त्याला माल मिळतो. तऱ्हा वेगवेगळ्या असल्या तरी घेणारे एका वेळी एका जागी जमले पाहिजेत, ही अट बहुतेक सगळीकडे होती. त्यांना जमवणे खर्चाचे काम. त्यामुळे तो खर्च ज्यातून निघेल अशाच मालाचा लिलाव होई. पाच-दहा डॉलरच्या जुन्या खेळण्यासाठी कोणी हातोडा उचलत नसे.

ही अट इंटरनेटने काढून टाकली. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथे राहणारे प्रोग्रॅमर पिएर ओमिद्यार यांनी सप्टेंबर 1995 मध्ये, अमेरिकेतल्या कामगार दिनाच्या सुट्टीत, 'ऑक्शनवेब' सुरू केले; तेच पुढे ईबे झाले. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणून मोडक्या लेझर पॉइंटरचा उल्लेख होतो. तो 14.83 डॉलरला गेला. होणाऱ्या पत्नीला पेझ गोळ्यांच्या डब्यांचा संग्रह वाढवता यावा म्हणून ओमिद्यार यांनी हे सगळे उभे केले, ही गोष्ट अनेक वर्षे छापून येत होती. ती कंपनीच्या जनसंपर्क विभागाने 1997 मध्ये पत्रकारांसाठी रचली होती, हे अ‍ॅडम कोहेन यांच्या 2002 सालच्या 'द परफेक्ट स्टोअर' या पुस्तकातून बाहेर आले. कंपन्यांच्या जन्मकथा पुष्कळदा नंतरच लिहिल्या जातात. त्या वाचाव्यात, पण पुरावा म्हणून वापरू नयेत.

सुरुवातीला ही सेवा फुकट होती. वर्दळ वाढल्यावर इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने महिना 250 डॉलर मागितले, तेव्हा ओमिद्यार यांनी विक्रीवर थोडी टक्केवारी लावली. वसुलीची काही यंत्रणा नव्हती, तरी विक्रेते पाकिटात घालून चेक पाठवू लागले, कोणी कोणी तर पुठ्ठ्यावर नाणी चिकटवून. पुढच्या व्यवसायाचा सगळा आराखडा या पाकिटांत होता. माल कंपनीचा नाही, गोदाम नाही, वाहतूक नाही. विकणारा छायाचित्र काढतो, वर्णन लिहितो, पार्सल बांधतो. कंपनी जागा देते आणि झालेल्या सौद्यावर दलाली घेते. 1995 मध्येच सुरू झालेल्या 'ऑनसेल' या कंपनीशी तुलना केली की फरक कळतो. ऑनसेल मुख्यतः संगणक आणि इलेक्ट्रॉनिक माल स्वतः मिळवून लिलावात काढत असे. म्हणजे पडून राहिलेल्या मालाचा तोटाही तिचाच. ईबेचा विस्तार भांडवलाच्या जोरावर झाला नाही, तो माणसांच्या संख्येवर झाला. 1998 च्या मार्चमध्ये मेग व्हिटमन मुख्य कार्यकारी अधिकारी झाल्या आणि सप्टेंबरमध्ये 18 डॉलरला विक्रीस काढलेला समभाग पहिल्याच दिवशी दुपटीच्या वर जाऊन बंद झाला. तोवर ती कंपनी नफ्यातही होती. त्या काळातल्या इंटरनेट कंपन्यांत ही गोष्ट विरळाच म्हणायची.

अशा बाजाराचा अभ्यास एका शास्त्राने केलेला नाही. त्यात चार-पाच परंपरा येऊन मिळतात, आणि त्या एकमेकींशी फारशा बोलत नाहीत.

सर्वांत जुनी परंपरा लिलावाच्या सिद्धांताची. विल्यम विकरी यांनी 1961 मध्ये दाखवले की सर्वोच्च बोली लावणाऱ्याला माल द्यावा, पण किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकी घ्यावी. मग प्रत्येकाला आपली खरी मर्यादा सांगण्यातच हित असते. त्यांना 1996 मध्ये नोबेल पुरस्कार जाहीर झाला आणि तीन दिवसांत त्यांचे निधन झाले. ईबेची यंत्रणा याच तत्त्वाच्या जवळ जाणारी आहे. ग्राहक आपली कमाल मर्यादा सांगून ठेवतो. संगणक त्याच्या वतीने दुसऱ्यापेक्षा एक पायरी वर एवढीच बोली लावत राहतो. गंमत अशी की टपालाने तिकिटे विकणारे व्यापारी ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरत होते, हे डेव्हिड लकिंग-रायली यांनी जुनी फिलाटेली नियतकालिके चाळून दाखवले. व्यवहार सिद्धांताच्या पुष्कळ पुढे होता.

पण माणसे सिद्धांताप्रमाणे वागली नाहीत. पहिल्याच दिवशी खरी मर्यादा सांगून निश्चिंत व्हायचे सोडून अनेक जण शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकू लागले. अ‍ॅल्विन रॉथ आणि अ‍ॅक्सेल ओकेनफेल्स यांनी 2002 मध्ये याचा उलगडा नियमातल्या एका फरकावरून केला. ईबेचा लिलाव ठरल्या क्षणी बंद होई. अ‍ॅमेझॉनच्या लिलावात अखेरची बोली आली की मुदत आपोआप दहा मिनिटे वाढत असे. अ‍ॅमेझॉनवर शेवटच्या क्षणीची धावपळ ईबेच्या मानाने पुष्कळ कमी आढळली. एवढ्याशा नियमाने हजारो लोकांचे वागणे बदलते, हा धडा बाजार घडवणाऱ्या प्रत्येकाच्या कामाचा आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस पॉल मिलग्रम आणि रॉबर्ट विल्सन यांनी लिलावाच्या रचनेला जे स्थान मिळवून दिले, आणि ज्यासाठी त्यांना 2020 चा नोबेल मिळाला, ते याच जाणिवेतून.

दुसरी परंपरा माहितीच्या अर्थशास्त्राची. जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन सांगितले की मालाचे दोष फक्त विकणाऱ्यालाच ठाऊक असतील, तर घेणारा सगळ्याच मालाला कमी भाव देतो, चांगला माल बाजारातून निघून जातो आणि शेवटी बाजारच उरत नाही. या तर्काने पाहिले तर ईबे चालायलाच नको होते. अनोळखी माणूस, हजार मैलांवर, वापरलेली वस्तू, पैसे आधी. ते चालले, आणि त्यामागे फेब्रुवारी 1996 मध्ये सुरू झालेली अभिप्रायाची सोय होती: प्रत्येक सौद्यानंतर दोन्ही बाजूंनी एकमेकांविषयी चांगले, वाईट किंवा मध्यम असा शेरा द्यायचा आणि तो सर्वांना दिसायचा. पॉल रेस्निक आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी 1999 च्या व्यवहारांची छाननी केली तेव्हा निम्म्याहून अधिक खरेदीदारांनी शेरा दिलेला होता आणि त्यांतले वाईट शेरे एक टक्क्याहूनही कमी होते. पुढे रेस्निक आणि सहकाऱ्यांनी एका नावाजलेल्या विक्रेत्याकडून जुनी पोस्टकार्डे त्याच्या नावावर आणि नव्या, अनोळखी नावांवरही विकवून पाहिली. जुन्या नावाला खरेदीदार सरासरी 8.1 टक्के जास्त द्यायला तयार होते. नावलौकिकाची किंमत इतक्या नेमकेपणाने क्वचितच मोजली गेली आहे.

तरीही या यंत्रणेचे कौतुक बेताने करायला हवे. विक्रेताही ग्राहकावर वाईट शेरा मारू शकत असल्यामुळे ग्राहक सूडाच्या भीतीने गप्प राहत. सगळ्यांचेच गुण शंभराच्या जवळ पोचले की गुणांना अर्थ उरत नाही. 2008 मध्ये कंपनीने विक्रेत्यांचा वाईट शेरा देण्याचा अधिकार काढून घेतला, तेव्हा विक्रेत्यांत मोठा असंतोष उसळला आणि काहींनी माल मांडणेच थांबवले. बाजाराचा मालक तटस्थ पंच असतो ही समजूत त्या वर्षी संपली.

तिसरी परंपरा दोन बाजूंच्या बाजाराची. जाँ-शार्ल रोशे आणि जाँ तिरोल यांच्या 2003 सालच्या लेखापासून तिला आकार आला. विक्रेते आहेत म्हणून ग्राहक येतात आणि ग्राहक आहेत म्हणून विक्रेते. अशा ठिकाणी कोणत्या बाजूकडून किती पैसे घ्यायचे, हा किमतीचा साधा प्रश्न राहत नाही. त्यावर बाजाराचे अस्तित्व ठरते. 1998 मध्ये याहूने फुकट लिलाव सुरू केले, 1999 मध्ये अ‍ॅमेझॉन उतरली, दोघींकडेही ग्राहकांची गर्दी होती. तरी अमेरिकेतला विक्रेता दलाली भरून ईबेवरच राहिला. जेनिफर ब्राउन आणि जॉन मॉर्गन यांनी एकसारखी नाणी ईबे आणि याहू दोन्हीकडे लिलावात काढून पाहिली: ईबेवर बोली लावणारेही जास्त आणि मिळालेली किंमतही जास्त. जून 1999 मध्ये ईबेची यंत्रणा सुमारे 22 तास बंद पडली, समभाग गडगडला, व्यवस्थापन हादरले. विक्रेते मात्र परत आले, कारण बोली लावणारे तिथेच होते.

चौथी परंपरा व्यवस्थापनशास्त्राची, आणि व्यूहरचना हा शब्द आपण मुख्यतः तिच्याकडूनच घेतला आहे. मायकल पोर्टर यांचा 1979 चा पाच शक्तींचा आराखडा, बर्गर वर्नरफेल्ट आणि जे बार्नी यांची संसाधनांवर भर देणारी मांडणी, ही व्यवस्थापनाच्या वर्गांतली नेहमीची हत्यारे. ईबेवर ती लावून पाहिलेले निबंध ढिगाने सापडतील. बहुतेकांत सामर्थ्य, दुबळेपणा, संधी आणि धोका यांचा चौकोन भरलेला असतो, आणि सामर्थ्याच्या खान्यात 'नाव', 'मोठा ग्राहकवर्ग' असे शब्द. त्यातून कळते फार थोडे. कारण मोठा ग्राहकवर्ग असूनही ही कंपनी जपानमध्ये हरली, चीनमध्ये हरली, भारतात टिकली नाही. एकच सामर्थ्य एका देशात चालते आणि दुसऱ्यात का चालत नाही, हे चौकोनात मावत नाही.

ईबेचा इतिहास पाहिला की एक प्रश्न वारंवार समोर येतो: कंपनीचे खरे बळ कशात आहे? लिलावात, गर्दीत, की भरवशात? निरनिराळ्या काळांत व्यवस्थापनाने याची निरनिराळी उत्तरे धरून पैसे ओतले, आणि उत्तर चुकले तिथे पैसे बुडाले. हे पुस्तक या एका प्रश्नाभोवती बांधलेले आहे.

पैसे चुकते करण्याची बाब घ्या. चेक पोचेपर्यंत आठवडा जाई आणि फसवणुकीची भीती सगळ्यांत जास्त तिथेच होती. ईबेने 1999 मध्ये 'बिलपॉइंट' ही कंपनी घेतली, पण विक्रेत्यांनी आपणहोऊन पेपाल निवडले होते. अखेर 2002 मध्ये ईबेने सुमारे 150 कोटी डॉलरला पेपाल घेतले. भरवशावर केलेली ही गुंतवणूक होती आणि ती फळली. इतकी, की लेकरू आईहून मोठे झाले: गुंतवणूकदार कार्ल आयकान यांनी 2014 मध्ये दोन कंपन्या वेगळ्या करण्याचा रेटा लावला आणि 2015 च्या जुलैमध्ये त्या वेगळ्या झाल्या. याउलट स्काइप. 2005 मध्ये सुमारे 260 कोटी डॉलर देताना सांगितले गेले की खरेदीदार आणि विक्रेता एकमेकांशी बोलतील आणि सौदे वाढतील. पाच डॉलरच्या वस्तूसाठी अनोळखी माणसाला फोन करण्याची हौस कोणाला नव्हती. 2007 मध्ये या खरेदीपोटी सुमारे 140 कोटी डॉलरचा बोजा खात्यावर घ्यावा लागला आणि 2009 मध्ये बहुतांश हिस्सा विकला गेला.

परदेशांतला अनुभव सर्वांत बोलका आहे. जर्मनीत काही महिन्यांपूर्वी सुरू झालेले 'आलांडो' ईबेने 1999 मध्ये विकत घेतले. तिथे स्पर्धकांच्या आधी गर्दी हाती आली आणि जर्मनी कंपनीच्या सर्वांत मोठ्या बाजारपेठांपैकी एक बनली. जपानमध्ये उलट झाले. याहू जपानने सप्टेंबर 1999 मध्ये लिलाव सुरू केले, सुरुवातीला फुकट. ईबे काही महिन्यांनी, 2000 मध्ये, शुल्क आणि क्रेडिट कार्डाची अट घेऊन पोचले. तोवर जपानी विक्रेता आणि ग्राहक दोघेही याहूवर स्थिरावले होते. 2002 मध्ये ईबेने तिथून काढता पाय घेतला. अमेरिकेत ज्या नियमाने याहू हरली, त्याच नियमाने जपानमध्ये ईबे हरले.

चीनमध्ये मात्र गर्दी आधी ईबेच्याच हाती होती, म्हणून ते उदाहरण जास्त विचार करायला लावते. 'ईचनेट' या आघाडीच्या चिनी कंपनीत ईबेने 2002 मध्ये 3 कोटी डॉलर घातले आणि 2003 मध्ये आणखी 15 कोटी देऊन ती पूर्ण घेतली. त्याच वर्षी मे महिन्यात अलीबाबाने 'ताओबाओ' सुरू केले. ताओबाओने विक्रेत्याकडून काही घेतले नाही. ग्राहक आणि विक्रेता यांना सौद्याआधी गप्पा मारण्याची, घासाघीस करण्याची सोय दिली. आणि माल हाती पडून पसंत पडेपर्यंत पैसे मध्येच धरून ठेवणारे अलीपे आणले. ईबेला गप्पांची सोय देणे परवडणारे नव्हते, कारण दलाली चुकवून दोघे बाहेरच सौदा करतील ही धास्ती. दलालीवर जगणाऱ्या बाजाराला आपल्याच ग्राहकांना एकमेकांपासून दूर ठेवावे लागते, ही त्याची जन्मजात अडचण इथे उघडी पडली. त्यात 2004 मध्ये ईचनेटची पाने कंपनीच्या जागतिक यंत्रणेवर हलवली गेली; पाने संथ झाली, स्थानिक बदल करायला अमेरिकेची परवानगी लागू लागली. 2006 च्या डिसेंबरमध्ये ईबेने तिथला स्वतंत्र कारभार आवरून एका स्थानिक कंपनीशी भागीदारी जाहीर केली. ज्या समाजात अनोळखी विक्रेत्यावर भरवसा नव्हता तिथे शेऱ्यांपेक्षा मध्यस्थाने धरून ठेवलेला पैसा जास्त उपयोगी ठरला. भरवशाची यंत्रणा एका देशातून उचलून दुसऱ्यात जशीच्या तशी ठेवता येत नाही.

भारतातली कथा मुंबईत सुरू होते. 2000 मध्ये इथे सुरू झालेली 'बाझी डॉट कॉम' ईबेने 2004 मध्ये सुमारे 5 कोटी डॉलरला घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये एका विक्रेत्याने मांडलेल्या अश्लील चित्रफितीवरून कंपनीच्या प्रमुखांना अटक झाली. दुसऱ्याने मांडलेल्या मालाबद्दल बाजारवाल्याला किती जबाबदार धरावे, हा प्रश्न देशात प्रथमच इतक्या ठळकपणे उभा राहिला, आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यात 2008 मध्ये झालेल्या दुरुस्तीने मध्यस्थांना कलम 79 खाली मिळालेल्या संरक्षणाच्या चर्चेत या खटल्याचा उल्लेख आजही होतो. धंद्याच्या अंगाने पाहता ईबे इंडिया मोठे झालेच नाही. फ्लिपकार्टने घरपोच मालाचे पैसे हातात घेण्याची सोय दिली, 2013 मध्ये अ‍ॅमेझॉन आली, आणि वापरलेल्या वस्तू लोक ओएलएक्सवर गावातल्या गावात पाहून घेऊ लागले. परकीय गुंतवणुकीचे भारतीय नियम स्वतःचा माल विकणाऱ्यांपेक्षा नुसत्या बाजारमंचाला अनुकूल होते, म्हणजे कागदावर ईबेच्याच सोयीचे. त्याचाही फायदा झाला नाही. 2017 मध्ये ईबेने फ्लिपकार्टमध्ये 50 कोटी डॉलर घालून भारतातला कारभार तिच्या हवाली केला आणि 14 ऑगस्ट 2018 रोजी ते संकेतस्थळ बंद झाले. त्याच मुंबईत 2000 मध्येच सुरू झालेली 'सॅफ्रनआर्ट' ही कलावस्तूंच्या ऑनलाइन लिलावाची संस्था मात्र चालू आहे. तिथे येणारा माणूस किंमत ठाऊक नसलेल्या वस्तूसाठी येतो.

लिलावाचा ऱ्हास या सगळ्यातून वेगळा काढून पाहावा लागतो, कारण तो स्पर्धकाने घडवला नाही. ईबेने 2000 मध्ये 'आत्ता घ्या' अशी निश्चित किमतीची सोय दिली. पहिली काही वर्षे लिलावच जोरात होते. दशक संपता संपता निश्चित किमतीने त्यांना मागे टाकले. लिरान आइनाव, कियारा फारोनातो, जोनाथन लेव्हिन आणि नील सुंदरेसन यांनी ईबेच्याच आकडेवारीवरून दाखवले की मालाचा प्रकार किंवा विक्रेत्यांचा अनुभव बदलल्यामुळे हे घडले नाही. खरेदीदारांची लिलावाबद्दलची ओढच ओसरली. सुरुवातीला सात दिवस बोली लावत बसणे हीच करमणूक होती. पुढे तो वेळेचा अपव्यय झाला. शिवाय ईबेवर झालेल्या लाखो सौद्यांनीच जुन्या वस्तूंचे भाव सर्वांना कळवले होते. कोणत्या वर्षीचे नाणे कितीला जाते हे शोधून सापडू लागल्यावर ते ठरवायला लिलाव कशाला? बाजाराने आपल्या कामातूनच आपली पद्धत अनावश्यक करून टाकली.

इथे अ‍ॅमेझॉनचा उल्लेख टाळता येत नाही. लिलावात हरल्यावर अ‍ॅमेझॉनने नोव्हेंबर 2000 मध्ये बाहेरच्या विक्रेत्यांचा माल आपल्याच वस्तूच्या पानावर आणला. एका पुस्तकाला एक पान, त्यावर सगळे विक्रेते. ईबेवर एकाच पुस्तकाची शंभर पाने, शंभर छायाचित्रे, शंभर वर्णने. नव्या, ठरावीक मालाला पहिली मांडणी सोयीची. एकुलत्या वस्तूला दुसरी. ईबेने पुढची कित्येक वर्षे पहिल्या प्रकारच्या मालात अ‍ॅमेझॉनशी टक्कर घेण्यात घालवली. गोदामे आणि झटपट वाहतूक नसताना ती टक्कर हरण्यासाठीच होती.

गेल्या काही वर्षांत कंपनी मागे वळली आहे. तिकिटांच्या फेरविक्रीचे 'स्टबहब' 2020 मध्ये सुमारे 405 कोटी डॉलरला विकले गेले, वर्गीकृत जाहिरातींचा व्यवसाय 'अडेव्हिंटा'ला गेला, दक्षिण कोरियातला मोठा हिस्सा 2021 मध्ये विकला गेला. त्याऐवजी घड्याळे, बूट, हातपिशव्या तज्ज्ञांकडून तपासून मगच ग्राहकाला पाठवण्याची सोय 2020 पासून सुरू झाली आणि संग्राह्य पत्त्यांचा बाजार असलेले 'टीसीजीप्लेअर' 2022 मध्ये विकत घेतले गेले. जर्मनीत 2023 पासून आणि ब्रिटनमध्ये 2024 पासून खासगी विक्रेत्यांची दलाली माफ झाली. ताओबाओने वीस वर्षांपूर्वी शिकवलेला धडा, जरा उशिरा. 2024 मध्ये ईबेवर सुमारे 7,500 कोटी डॉलरचा माल विकला गेला, सक्रिय खरेदीदार सुमारे 13.4 कोटी होते आणि कंपनीचे उत्पन्न सुमारे 1,030 कोटी डॉलर. म्हणजे शंभर डॉलरच्या सौद्यामागे तेरा-चौदा डॉलर कंपनीकडे. विक्री फारशी वाढत नसताना हा वाटा राखला गेला तो विक्रेत्यांनी आपला माल वर दिसावा म्हणून भरलेल्या जाहिरातशुल्काच्या जोरावर. विक्रेता हे किती काळ सोसेल, हा या कंपनीपुढचा आजचा सर्वांत अवघड प्रश्न दिसतो.

कायद्याची पाचवी परंपरा इथे थोडक्यात सांगणे पुरे. अमेरिकेत 'टिफनी' विरुद्ध ईबे या खटल्यात 2010 मध्ये अपील न्यायालयाने ठरवले की बनावट माल विकला जातो एवढी मोघम माहिती असणे म्हणजे बाजारवाल्याचा दोष नव्हे. पॅरिसच्या व्यापारी न्यायालयाने 2008 मध्ये एलव्हीएमएचच्या बाजूने निकाल देऊन ईबेला कोट्यवधी युरोंची भरपाई द्यायला लावली होती. एकच व्यवसाय, दोन देश, दोन उत्तरे.

हा विषय आज ईबेपुरता उरलेला नाही. लिलाव नाहीसा झालेला नाही, तो पडद्याआड गेला आहे: शोधयंत्रावर दिसणारी जवळजवळ प्रत्येक जाहिरात क्षणार्धात झालेल्या लिलावातून येते. मोबाइलवर थेट प्रक्षेपणातून पुकारून विकण्याची नवी लाट 2019 मध्ये सुरू झालेल्या 'व्हॉटनॉट'सारख्या कंपन्यांनी आणली आणि करमणुकीचा जुना घटक परत आला. महाराष्ट्रात हा विषय अभ्यासण्याचे आणखी एक कारण आहे. 2016 पासून 'ई-नाम'द्वारे शेतमालाचा लिलाव संगणकावर आणण्याचा प्रयत्न चालू आहे, आणि त्याची मुख्य अडचण अकरलॉफ यांनी सांगितलेलीच आहे. दूरच्या जिल्ह्यातला व्यापारी न पाहिलेल्या कांद्यावर बोली लावायला तयार होण्यासाठी प्रतवारी भरवशाची हवी, आणि ती यंत्रणा संगणकप्रणालीपेक्षा उभी करायला कठीण. आडत्याचे काम फक्त दलाली घेणे नव्हते. तो पैशाची आणि मालाची हमीही देत होता. त्याला बाजूला सारणाऱ्या यंत्रणेने ती हमी कुठून आणायची, हे ठरवल्याशिवाय ऑनलाइन बाजार चालत नाही.

हे पुस्तक ईबेचा समग्र इतिहास नाही आणि गुंतवणुकीचा सल्लाही नाही. एका कंपनीच्या तीन दशकांतले ठळक निर्णय घेऊन, प्रत्येक वेळी पर्याय कोणते होते, कोणत्या समजुतीवर निवड झाली आणि पुढे काय घडले, हे त्यात तपासले आहे. सिद्धांत आधी सांगून मग उदाहरण चिकटवण्याऐवजी निर्णयापासून सुरुवात करून लागेल तेवढाच सिद्धांत घेतला आहे. त्यामुळे व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्याला नेहमीचे आराखडे विखुरलेले भासतील. लिलावाचे गणित हवे असणाऱ्याला ते इथे कमी पडेल. त्याऐवजी दलालीचे दर, शेऱ्यांचे नियम, मुदत संपण्याची पद्धत अशा बारीक गोष्टींवर बरीच पाने खर्ची पडली आहेत, कारण या धंद्यात मोठे निर्णय पुष्कळदा अशा बारीक नियमांच्या रूपातच घेतले जातात. यशाइतकीच जागा जपान, चीन आणि भारत यांना दिली आहे. आकडे शक्य तिथे कंपनीच्या जाहीर वार्षिक अहवालांतून घेतले आहेत. विकलेल्या व्यवसायांमुळे जुन्या आणि नव्या वर्षांची आकडेवारी सरळ जुळत नाही, म्हणून तुलना करताना प्रत्येक ठिकाणी कोणता व्यवसाय धरला आणि कोणता वगळला, हे त्या त्या प्रकरणातच सांगितले आहे. रक्कम डॉलरमध्येच ठेवली आहे, कारण तीस वर्षांत बदलत गेलेल्या विनिमय दराने रुपयांतले आकडे वाचकाची दिशाभूल करतील.